शेजारणीच्या नावाने आलेली गाय

मेडशीतल्या आमच्या घराला दोन दारं आहेत, दोन चुली आहेत आणि अंगण एकच आहे. एका दारामागे मी राहते, दुसऱ्यामागे माझी मोठी जाऊ. मी आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, एका कार्यालयात लिपिक आहे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं आणि बसमध्ये बसायला मिळालं की पुढच्या दिवसाच्या कामांची यादी करायची, हा माझा क्रम. किराणा, औषधं, गॅसचा नंबर, कोणाच्या लग्नात काय द्यायचं, सगळं यादीत असतं. जाऊबाई मला तोंडावर ‘यादीवाली’ म्हणतात. मी मनावर घेत नाही, कारण घरात काही सापडेनासं झालं की त्या आधी माझ्या दारात येतात.

गेल्या आश्विनात त्यांचं एक शेत गेलं, त्याची ही हकिकत आहे. सात-बारा निघतो तसलं ते शेत नव्हतं. ते फोनमध्ये होतं.

काही वर्षांपूर्वी तुरीच्या वावरातल्या ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाऊबाई घसरल्या आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर घालून खाटेवर पडून राहायची वेळ आली. आयुष्यभर चालत्या-फिरत्या राहिलेल्या बाईला खाट खायला उठली. त्यांच्या लेकीने माहेरपणाला आल्यावर फोनमध्ये एक शेतीचा गेम टाकून दिला. पेरा, थांबा, कापा, विका. कोंबड्या पाळा, गायींना चारा टाका, नावेत माल भरून पाठवा. भासरे, म्हणजे त्यांचे मालक, पहिल्या दिवसापासून हसायचे.

“एवढं निंदन आपल्या वावरात केलं असतं तं यंदा सोयाबीन सुधरलं असतं.”

“तुमच्या वावराले पानी लागते, मजूर लागते,” जाऊबाई म्हणायच्या. “याले एक बोट लागते. मोडला पाय, बोट तं शाबूत हाय ना?”

पाय बरा झाला, पण गेम राहिला. त्याचं कारण शेती नव्हती. गेममध्ये शेजारपाजाऱ्यांचं मंडळ असतं. एकमेकींना भेटी पाठवायच्या, अडल्या-नडल्याला दाणागोटा द्यायचा आणि सोबत एक जागा असते तिथे लिहून बोलायचं. जाऊबाईंच्या मंडळात सगळ्या बायकाच होत्या, सगळ्या मराठी बोलणाऱ्या. कोणी सांगलीकडची, कोणी नांदेडची, आणि मंडळ चालवणारी कोकणातली. नाव कोणाचं कोणाला माहीत नव्हतं. फोन नंबर द्यायचा नाही असा कोकणवालीचा नियमच होता, कारण आधी एकदा बाईचं नाव लावून कोणी पुरुष आत शिरला होता आणि नंबर घेऊन त्याने दोघी-तिघींना पुष्कळ त्रास दिला होता. त्यामुळे एकमेकींच्या सासवा, गुडघे, जावयांच्या खोड्या सगळं ठाऊक, आणि नाव-पत्ता-नंबर काही नाही, अशी ती मैत्री होती. मी कार्यालयातून येऊन चहा टाकायचे तेव्हा अंगणापलीकडून जाऊबाईंचा आवाज यायचा, “आज कोकनवालीच्या सुनेनं भाजीत मीठच नाई टाकलं म्हन्ते!” जणू कोकणवाली पलीकडच्या गल्लीत राहत होती.

आता आमच्या वस्तीतली एक रीत सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कोणाच्या घरून वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही. भाजी आली, भाजी द्या. काही केलेलं नसेल तर चिमूटभर साखर घाला, गुळाचा खडा घाला, पण भांडं कोरडं पाठवू नका. आणि शक्यतो दिवस मावळायच्या आत पाठवा. हे कोणी शिकवत नाही, लहानपणी वाट्या पोचवता पोचवताच अंगवळणी पडतं. आश्विन पौर्णिमेला तर विचारूच नका. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपलेला असतो, विहारात खीर झालेली असते, घरोघरी खीर झालेली असते, आणि अख्ख्या वस्तीत वाट्यांची जा-ये चालू असते. कोणाची वाटी कुठे आहे हे लक्षात ठेवायला मी दरवर्षी वाट्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका देते.

त्या पौर्णिमेच्या दुपारी, वाट्यांच्या त्याच धामधुमीत, जाऊबाईंच्या फोनवर एक ईमेल आला. मजकूर मराठीत होता, मी तो नंतर पुष्कळदा वाचला आहे. ‘अभिनंदन! तुमच्या शेजारणीने तुमच्या शेतासाठी सोनेरी गाय भेट पाठवली आहे. आज सूर्यास्तापूर्वी परतभेट न दिल्यास गाय तिच्याकडे परत जाईल.’ खाली गायीचं चित्र, आणि चित्राखाली हिरवं बटण: ‘परतभेट द्या’.

जाऊबाईंनी बटण दाबलं. जे पान उघडलं त्यावर गेममधलंच लाल गोदाम होतं, गेममधलंच कुंपण होतं. त्याने ईमेल मागितला, पासवर्ड मागितला. पासवर्डची चिठ्ठी त्यांच्या फोनच्या कव्हरमागे असते. फोन घेतला तेव्हा मोबाइलच्या दुकानातल्या पोराने लिहून दिलेली, आणि तोच एक पासवर्ड ईमेलला, गेमला, सगळ्याला. तो त्यांनी टाकला. मग फोनवर एक कोड आला, तोही टाकला. पान म्हणालं, धन्यवाद. गाय काही आली नाही. त्यांना वाटलं नेटवर्क बारीक झालं असेल, आणि त्या खिरीचं पातेलं घासायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं होतं आणि भासरे काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसले होते. मी ओट्यावर कपड्यांच्या घड्या घालत होते. जाऊबाई फोन पुढे धरून आल्या.

“ए वं, इकडं पाह्य बरं. हे मले आत घेऊनच नाई राह्यलं.”

“पासवर्ड चुकला असेल.”

“कायले चुकन? चिठ्ठी पाहून टाकला.”

“कालपासून काही नवीन उघडलं का? कशावर बोट लावलं का?”

“मी कायले लावू? काल गाय आली व्हती, तिची परतभेट केली फक्त.”

भासऱ्यांची काठी थांबली. “गाय आली व्हती? अन मले दिसली नाई? कुठं बांधली?”

“तुमी कोंबड्याइकडं पाहा,” जाऊबाई म्हणाल्या.

मी घड्या बाजूला सारल्या आणि तो ईमेल उघडला. कार्यालयात आलेलं कोणतंही पत्र मी आधी खालून वाचते. सही कोणाची, हुद्दा काय, जावक क्रमांक आहे का, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. मजकूर कोणालाही गोड लिहिता येतो. ईमेललाही मी हाच नियम लावते. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी गेमचं नाव होतं, पण त्या नावावर बोट ठेवल्यावर खरा पत्ता दिसला. गेमच्या नावापुढे दोन जादा अक्षरं, एक आडवी रेघ आणि त्यापुढे भलतंच शेपूट. कंपनीचे जुने ईमेल जाऊबाईंनी कधी पुसले नव्हते, ते उघडून शेजारी ठेवले. त्यातला पत्ता वेगळा आणि आखूड होता. जुन्या ईमेलांत त्यांच्या शेताचं नाव घालून हाक मारलेली असायची, ह्यात नुसतं ‘प्रिय शेतकरी’. हिरव्या बटणावर बोट दाबून धरलं तर ते बटण कुठे नेणार तो पत्ता खाली दिसतो. तोही गेमचा नव्हता.

“तुमच्या गेममध्ये भेट आली की ईमेल येतो का?” मी विचारलं.

जाऊबाईंनी थोडा विचार केला. “नाई. भेट तं फाटकापाशी दिसते. लाल फीत बांधून.”

“मग काल फाटकाशी पाहिलं का?”

“याच्यात लेहलं व्हतं, दिवस बुडाच्या आत. पाहाले कोनाले सवड हाय?”

सगळं त्या एका ओळीत होतं. घाई करायला लावणारं पत्र कार्यालयात आलं की मी ते मुद्दाम चहानंतर वाचते. मी हे जाऊबाईंना सांगितलं. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत.

“हे पाह्य, कोनी काही मांगतलं असतं तं मी देल्लं नसतं. बँकेतून बोलतो म्हनून फोन येतात, मी त्याइले शिव्या देते. तुले ठाऊक हाय. पन यानं मांगतलं नाई. यानं देल्लं मले. देल्लेलं तसंच ठेवू?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सावध राहायचं म्हणून आपण मागणाऱ्याकडे लक्ष ठेवतो. देणाऱ्याकडे कोण संशयाने बघतं? मी एवढंच म्हटलं, “बाई, गाय दिली, पण पासवर्ड तर मागितलाच ना? पासवर्ड मागितला की ती भेट नव्हे.”

पुढची कामं मी ओळीने उरकली. ईमेलमध्ये जाऊबाई अजून आत होत्या, ते नशीब. आधी ईमेलचा पासवर्ड बदलला. मग कोणकोणत्या फोनवरून तो उघडलेला आहे ते पाहिलं. एक फोन आमचा, एक कुठला तरी परका. परक्याला बाहेर काढलं. ईमेल आला की दुसरीकडे आपोआप पाठवण्याची सोय कोणी लावून ठेवली आहे का ते तपासलं. कव्हरमागची चिठ्ठी काढून चुलीत घातली. बँकेचं सगळं भासऱ्यांच्या फोनवर होतं, म्हणून ते वाचलं. पण गेम मात्र गेला होता. चोराने कोड वापरून शेताला स्वतःचा ईमेल लावला होता. ‘पासवर्ड विसरलात का’ असं दाबलं की उत्तर त्याच्याकडे जाणार होतं.

कंपनीला तक्रार लिहिली. लगेच एक छापील उत्तर आलं की तुमची विनंती मिळाली आहे. ते उत्तर खऱ्या पत्त्यावरून आलं होतं, हे मी आधी तपासलं आणि जाऊबाईंनाही तपासायला लावलं.

“झालं मंग?” भासरे म्हणाले. “गेलं तं गेलं. चित्रातलं वावर. पुन्हा पेर.”

जाऊबाई ताडपत्रीच्या कडेला बसल्या होत्या. सोयाबीनमध्ये हात घालून नुसते दाणे इकडचे तिकडे करत होत्या. “वावराचं कोन बोलून राह्यलं?” त्या म्हणाल्या. “तो आता माह्या नावानं आत बसला हाय ना. कोकनवालीले माह्या नावानं गाय पाठवन. सगळ्याइले पाठवन. त्या काय कोरडी वाटी ठेवतीन? मी पाठवली म्हनल्यावर लगेच परतभेट करतीन त्या.”

भासऱ्यांनी काठी खाली ठेवली. हसले नाहीत. मीही माझी यादी खाली ठेवली, कारण हे काम तिच्यात नव्हतं. जाऊबाईंना शेताची पर्वा कमी होती. ज्या बायकांना त्या कधी भेटल्या नव्हत्या त्यांच्यापुढे त्यांचं नाव खराब होणार होतं, आणि त्यांना सावध करायला हातात एकही नंबर नव्हता.

एकच वाट होती. नवीन ईमेल काढायचा, नवीन शेत उघडायचं आणि मंडळाच्या दारात जायचं. ईमेल काढला, पासवर्ड जाऊबाईंनी मला न दाखवता ठेवला आणि पाठ केला. शेत मिळालं: गव्हाची एक पट्टी, दोन कोंबड्या. जाऊबाईंनी ते बघून “हे असं व्हतं पहिले” एवढंच म्हटलं. मंडळात येण्याची विनंती पाठवली, ती आपोआप नाकारली गेली. मंडळात यायला शेत बरंच वाढलेलं असावं लागतं. मग एक सोय आठवली ती त्यांनाच. प्रत्येक शेताच्या फाटकाशी एक फळा असतो. येणारा-जाणारा कोणीही त्यावर लिहू शकतो, आणि तो कोणालाही वाचता येतो. जाऊबाईंनी कोकणवालीच्या फळ्यावर लिहिलं. टाइप त्याच करत होत्या, मी फक्त शेजारी होते.

‘मी मेडशीवाली. माह्यं वावर चोरीले गेलं. माह्या नावानं गाय आली तर दाबू नोका.’

उत्तर यायला दुपार झाली. आम्ही जेवलो, भांडी झाली, तरी फोन ताटाशेजारीच होता. मग कोकणवालीने आमच्या दोन कोंबड्यांच्या फळ्यावर लिहिलं: ‘आमच्या मेडशीच्या ताईंच्या नावाने कालपासून मंडळात सगळ्यांना गायीचे निरोप येत आहेत. नांदेडच्या मुलीने बटण दाबलं, तिचं शेत गेलं. आता तुम्ही म्हणता की तुम्ही ताई. कशावरून?’

जाऊबाईंचा चेहरा उतरला. “गेलं वं तिचं. ल्हान पोरगी हाय ते. बाळंतपनाले माहेरी आलेली.”

मी म्हटलं, “आधी उत्तर द्या. ओळख पटवा. तुम्हा दोघींनाच माहीत असेल असं काहीतरी लिहा.”

त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि मीच त्यांचा हात धरला. चोर त्यांच्या खात्यात बसलेला होता. मंडळातली बोलणी त्यालाही वाचता येत होती. सुनेचं मीठ, जावयाच्या खोड्या, जे काही ह्या दोघींमध्ये होतं ते सगळं त्याच्यासमोर उघडं पडलं होतं. त्यातलं काहीही लिहिलं तरी ते चोरही लिहू शकला असता. मी हे समजावून सांगितलं तेव्हा जाऊबाईंनी फोन मांडीवर ठेवला.

“मंग मी मी हाय हे सांगू कशी?”

“जुनं बोलणं किती दिवस राहतं त्यात?”

“नाई राहत. नवं आलं का जुनं निंघून जाते.”

“मग जुनं विचारायला सांगा. अगदी सुरुवातीचं. आणि तुम्हीही तिला एक विचारा. तिच्या शेतात दुसरंच कोणी बसलेलं नाही कशावरून?”

“तिच्यावर संशय घेऊ?”

“ती घेतेय ना तुमच्यावर. शहाणी बाई आहे.”

हे त्यांना पटलं. त्यांनी लिहिलं की आताचं विचारू नका, पहिल्यांदा बोललो तवाचं विचारा. कोकणवालीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिचा प्रश्न लगेच आला: ‘तुम्ही मंडळात आलात तेव्हा तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता. मी सगळ्यात पहिल्यांदा काय विचारलं होतं?’

जाऊबाई एकदम लाजल्या. पदर तोंडाला लावला. भासरे ताडपत्रीवरून ओरडले, “काय इचारलं व्हतं वं?”

“तुमी कोंबड्या हाका!” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “आंघोळ कशी करता म्हनून इचारलं व्हतं. आता हे सगळ्या जगाच्या समोर लेहू?”

“लिहा.”

लिहिलं. अंगणात पाठीमागे प्लास्टिकची खुर्ची, समोर पालथी बादली, बादलीवर पाय, पायाला खताची पिशवी गुंडाळून वरून सुतळी, आणि पाणी ओतायला धाकटी जाऊ. धाकटी जाऊ म्हणजे मी. ते वाचून मला आठवलं की सुतळी दरवेळी मीच बांधायचे आणि जाऊबाई दरवेळी म्हणायच्या की फास लावून राह्यली काय.

मग त्यांनी आपला प्रश्न टाकला: ‘तवा तुमी मले काय खायले सांगतलं व्हतं?’

उत्तर आलं: ‘नाचणीचं सत्त्व. तुम्ही म्हणालात आमच्याकडे नाचणी कोणी खात नाही, आणि ज्वारीची आंबील करून प्यायलात. वर मलाच सांगितलंत की तुमची नाचणी काय खास नसेल.’

जाऊबाई मोठ्याने हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. “तेच हाय! कोकनवालीच हाय ते!”

ओळख पटली, पण काम संपलं नव्हतं. चोर जाऊबाईंच्या जुन्या शेताच्या आडून अजून मंडळात होता आणि गायी पाठवत होता. मंडळातून कोणाला काढायचा अधिकार चालवणारीला असतो. कोकणवालीने लिहिलं: ‘मी तुमचं जुनं शेत काढून टाकू का? एकदा काढलं की मंडळातलं तुमचं सगळं पुसलं जाईल. कंपनीने परत दिलं तरी ते येणार नाही. विचार करून सांगा.’

हा प्रश्न मला नव्हता. खाटेवर पडून पेरलेलं पहिलं शेत ते. गेममधल्या जत्रेत मंडळाचा पहिला नंबर आला त्याची निशाणी होती, सांगलीवालीने दिलेलं आंब्याचं झाड होतं. भासरेही उठून आले आणि चष्मा चढवून फोनमध्ये डोकावले. हा गेम त्यांनी कधी उघडून पाहिला नव्हता.

“थांबा ना जरासं,” ते म्हणाले. “कंपनी काय म्हन्ते ते तं पाहा.”

“कंपनी पाहीन तवा पाहीन,” जाऊबाई म्हणाल्या. “तवरक त्यानं आनखी एक पोरगी फसवली तं?” आणि त्यांनी लिहिलं: ‘काढून टाका मले.’

कोकणवालीने काढलं; नांदेडच्या मुलीचं चोरलेलं शेत तिने त्या मुलीच्या सांगण्यावरून आधीच काढलं होतं. फोनवर तसं काही मोठं घडलं नाही. मंडळाच्या पानावरच्या नावांमधलं एक नाव कमी झालं, आणि खालची नावं एकेक घर वर सरकली. कोकणवालीने थोड्या वेळासाठी मंडळाची अट खाली आणली, जाऊबाईंची दोन कोंबड्यांची जागा आत घेतली आणि अट पुन्हा वर नेली. आत सगळ्या बोलत होत्या. सांगलीवालीने लिहिलं, आम्हीही दाबणारच होतो, तुमचं नाव पाहून. ते वाचून जाऊबाईंनी फोन उलटा ठेवला.

कंपनीचं उत्तर दिवाळी होऊन गेल्यावर आलं. खातं कधी उघडलं, पहिला फोन कोणता होता, कधी काही विकत घेतलं का, असे प्रश्न होते. आम्हाला जेवढी माहीत होती तेवढी उत्तरं मी दिली. जाऊबाईंनी गेममध्ये कधी काही विकत घेतलं नव्हतं, आणि मालकी दाखवायला तर खरेदीची पावती लागते. जुना फोन तर लेकीच्या घरी नातवाने पाण्यात टाकला होता. तपास चालू आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. ते मी माझ्या यादीत ठेवलं आहे आणि महिन्याच्या महिन्याला आठवण देते.

वस्तीतल्या पोरांशीही बोलले. त्यांचे गेम बंदुकांचे, त्यांना गायीऐवजी फुकट हिऱ्यांचे ईमेल येतात, किंवा तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, खातं बंद होणार, खुलासा करा, असे. पोरं मला हसली. “काकू, आमी गायीले फसत नाई.” मी म्हटलं, ठीक आहे, हिऱ्याला फसू नका. ईमेलमधून आत जायचं नाही, गेम स्वतः उघडून त्यात निरोप आहे का बघायचा. कोड कोणालाही द्यायचा नाही, आणि गेमचा पासवर्ड दुसऱ्या कशाला ठेवायचा नाही. दोघांनी तिथेच पासवर्ड बदलले. बाकीच्यांनी नंतर बदलतो म्हटलं.

पण त्या रविवारी संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. मंडळाच्या आतल्या जागेत कोकणवालीने स्वतःचा फोन नंबर टाकला. स्वतःचाच नियम मोडून. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“लावू काय?”

“तुमचा नंबर लिहू नका. तुम्हीच लावा. स्पीकर चालू ठेवा, मी ऐकते. पैशाचं किंवा कोडचं बोलणं निघालं तर ठेवून द्या.”

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोन लावला. पलीकडून खोकण्याचा आवाज आला आणि मग कोणीतरी म्हणालं, “बोला.”

जाऊबाईंनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाल्या, “बाई, तुमचा आवाज तं लय म्हतारा हाय वं!”

पलीकडची बाई खो-खो हसली. “आणि तुमचा केवढा मोठा आहे! मला वाटलं होतं तुम्ही हळू बोलत असाल.”

“हळू? मी?” इकडे भासरे तोंडावर हात ठेवून हसत होते. जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली. मग त्यांचा आवाज खरंच खाली आला. “नांदेडची पोरगी काय म्हन्ते?”

“रुसली आहे. नवं शेत उघडलंय, पण मंडळात परत आली नाही दुपारपासून. तिचं ते पहिलंच शेत होतं ना.”

“तिचा नंबर हाय काय तुमच्याजवळ?”

“नाही. पण तिच्या नव्या फळ्यावर निरोप ठेवते, की मंडळात येऊन माझा नंबर घे. तिने फोन केला तर तिला विचारते, तुम्हाला द्यायचा का.”

“इचारा. म्हना, माह्या नावानं झालं, मीच बोलते. शिव्या देते म्हनली तरी चालते म्हना.”

पैशाचं, कोडचं काही निघालं नव्हतं. माझं ऐकायचं काम संपलं असं मला वाटलं, आणि जाऊबाईंनाही वाटलं असावं. त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि बोलत बोलत परसात गेल्या. दिवस मावळत होता. भासऱ्यांनी आणि मी ताडपत्रीची चारी टोकं धरून सोयाबीन झाकलं.